बागेतली कीड : ओळख आणि नियंत्रण (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

किडीबद्दलचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नासोबत आलेल्या फोटोंत बहुतेक वेळा पानाची वरची बाजू दिसते आणि कीड बसलेली असते खालच्या बाजूला. म्हणून कोणतेही उत्तर वाचण्याआधी पान उलटून पाहा. काय फवारायचे हे त्यानंतर ठरवता येते, आणि बऱ्याचदा फवारायची गरजच उरत नाही. एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाणे सोपे व्हावे म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. झाडाला कीड लागली आहे की खत-पाणी कमी पडले आहे, हे कसे ओळखायचे?

कीड पुरावा मागे ठेवते. पानावर छिद्रे, कुरतडलेल्या कडा, विष्ठेचे काळे दाणे, चिकट थर, टाकलेल्या पांढऱ्या काती, बारीक जाळी, चंदेरी ओरखडे यांपैकी काहीतरी सापडते. शिवाय किडीचे नुकसान सुरुवातीला विस्कळीत असते : एकच फांदी, एकच शेंडा, भिंतीकडची तेवढी बाजू. अन्नद्रव्य कमी पडले तर बदल सगळ्या झाडावर ठरावीक क्रमाने दिसतो. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने आधी एकसारखी पिवळी पडतात. लोह कमी असेल तर शेंड्याकडची नवी पाने पिवळी होतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात.

तरीही शंका उरली तर पानांखाली पांढरा कागद धरा आणि फांदीला दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेल्या कणांकडे अर्धा मिनिट शांतपणे पाहत राहा. कण चालू लागले तर तो कोळी (जाळे विणणारा नेहमीचा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म), फुलकिडा किंवा माव्याचे पिल्लू असू शकते. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग जवळ असले तर निम्मे प्रश्न तिथल्या तिथे सुटतात.

२. पाने कुरतडलेली दिसतात, पण कीड कुठेच सापडत नाही. असे का?

कारण खाणारे बरेचसे जीव रात्री बाहेर पडतात. अंधार पडल्यावर तास-दोन तासांनी बॅटरी घेऊन त्याच झाडापाशी जा. दिवसा शोधायचे असेल तर विष्ठेचे दाणे कोणत्या पानावर पडलेत ते पाहा आणि त्याच्या बरोबर वरची पाने-देठ तपासा. हिरवी अळी देठाला समांतर बसते, त्यामुळे नजर तिच्यावरून सहज घसरते. पानांवर किंवा कुंडीच्या कडेला वाळलेला चकाकणारा पट्टा दिसला तर ती गोगलगाय आहे. तिच्यावर कीटकनाशकाचा उपयोग होत नाही, कारण ती कीटक नाही. रात्री हाताने वेचणे, कुंड्यांखालची ओल आणि पालापाचोळा हटवणे हे तिच्यासाठी पुरते.

कडेला अगदी गोल, सुबक कापे असतील तर प्रश्न १९ पाहा. तिथे दोषी कोणी नाही.

३. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर हिरवे-काळे बारीक किडे दाटीने बसलेत. काय करू?

हा मावा. भिंगातून पाहिले तर पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतात. ही त्याची पक्की खूण. माव्याची मादी बहुतेक काळ नराशिवायच थेट पिल्ले देते, आणि उबदार हवेत ती पिल्ले आठवडा-दहा दिवसांत स्वतः प्रजोत्पादन सुरू करतात. म्हणून चार किड्यांचे चारशे झालेले पाहून लोक घाबरतात. पण मावा अतिशय नाजूक असतो. नळीने पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला तर बहुतेक मावा खाली पडतो आणि पडलेला सहसा परत वर चढत नाही. दर दोन-तीन दिवसांनी असे तीन-चार वेळा करा. एखादाच शेंडा भरला असेल तर तो खुडून टाका. पाण्याने भागले नाही तर साबणाचे द्रावण (प्रश्न १४).

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. नत्रयुक्त खत भरपूर दिले की झाड लुसलुशीत, रसरशीत वाढते आणि माव्याला नेमके तेच हवे असते. दर आठवड्याला खत आणि दर आठवड्याला मावा, असे चक्र चालू असेल तर आधी खत थांबवा.

४. देठांच्या बेचक्यांत पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. जास्वंदीवर तर सगळा शेंडाच पांढरा झाला आहे. हे जात का नाही?

हा पिठ्या ढेकूण, आणि तो चिवट आहे यात शंका नाही. अंगावरच्या मेणकट पावडरीमुळे फवारलेले पाणी त्याच्यावरून ओघळून जाते. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि ती पिशवी आतल्या अंड्यांनाही वाचवते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लांच्या अंगावर मात्र सुरुवातीला मेण नसते. ती अगदी बारीक, फिकट पिवळी असतात आणि नवी जागा शोधत फिरतात. कीड मारण्याची खरी संधी या थोड्या दिवसांत असते. एकदाच केलेली फवारणी वाया जाते आणि दर आठवड्याला, सलग चार-पाच आठवडे केलेली फवारणी यशस्वी होते, त्यामागचे कारण हेच.

क्रम असा ठेवा. सर्वात जास्त भरलेले शेंडे कापून बंद पिशवीत टाका. कापलेल्या फांद्या झाडाखाली पडू देऊ नका. उरलेल्या पुंजक्यांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवा. मेण विरघळते आणि कीड तपकिरी होऊन मरते. नाजूक पानांवर आधी एका जागी करून पाहा. मग पाण्याचा जोरदार फवारा मारून पुंजके फोडा आणि झाड निथळल्यावर साबणाचे किंवा कडुनिंबाच्या तेलाचे द्रावण (प्रश्न १३ आणि १४) बेचक्यांत पोहोचेल असे मारा. कुंडीच्या कडेची आतली बाजू, तळाची छिद्रे आणि आधाराच्या काठ्यासुद्धा पाहा. वेलाला बांधलेल्या सुतळीच्या गाठीत हमखास वस्ती सापडते.

वरून झाड स्वच्छ असूनही मलूल असेल तर ते कुंडीतून अलगद काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरे ठिपके दिसले तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. सगळी माती झटकून मुळे धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा, नवीन मातीत लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

देठांवर तपकिरी, बटणासारखे घट्ट टवके असतील आणि नखाने खरवडल्यावर सुटत असतील तर ती खवले कीड. उपाय जवळपास तेच. आधी जुन्या दातघासणीच्या ब्रशने खवले घासून काढले तर काम निम्म्याने कमी होते.

५. झाडाला हात लावला की पांढरे बारीक किडे भुर्रकन उडतात आणि पुन्हा येऊन बसतात.

ही पांढरी माशी. उडणाऱ्या माश्यांपेक्षा पानांखाली चिकटून बसलेली पिल्ले जास्त रस शोषतात. ती चपटी, लंबगोल, जवळजवळ पारदर्शक असतात आणि हलत नाहीत, म्हणून लक्षात येत नाहीत. माश्या थंड वेळी सुस्त असतात, तेव्हा फवारणी भल्या पहाटे आणि पानांच्या खालच्या बाजूनेच करा. पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीला लावा. सापळ्याने कीड संपत नाही. ती वाढते आहे की घटते आहे हे कळते. टोमॅटो, मिरची आणि भेंडीवर या माशीकडे दुर्लक्ष करू नका, कारण ती विषाणू पसरवते. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

६. मिरचीची पाने वळली आहेत. सगळे म्हणतात ‘बोकड्या’ आहे. यावर औषध कोणते?

बोकड्या किंवा चुरडा-मुरडा हे लक्षणाचे नाव आहे आणि त्यामागे तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. औषध एकच सांगणारा माणूस अंदाजाने बोलतो आहे असे समजा.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल आणि खाली चंदेरी-तपकिरी ओरखडे असतील तर फुलकिडे. ते मिलीमीटर-दीड मिलीमीटरचे, पिवळसर, लांबट असतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकले की पळताना दिसतात. पाने खाली वळली असतील, अरुंद आणि लांबट झाली असतील, देठ ताणल्यासारखे दिसत असतील, तर पिवळा कोळी. तो साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. पाने आखडून बारीक झाली, पिवळी-हिरवी चितकबरी दिसली, झाड खुजे राहिले आणि किडीचा पुरावा सापडलाच नाही, तर विषाणू.

फुलकिड्यांवर कडुनिंबाचे तेल आणि निळे किंवा पिवळे चिकट सापळे उपयोगी पडतात. त्यांच्या बऱ्याच जाती मातीत कोषावस्थेत जातात, म्हणून झाडाखाली आच्छादन घालणे आणि गळलेली फुले उचलणे हाही उपचाराचाच भाग आहे. पिवळ्या कोळ्याने धरलेले शेंडे काढून टाका आणि पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची फवारणी वेष्टनावरच्या मात्रेत करा. कडक उन्हाच्या दिवसांत गंधक टाळा, आणि तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी गंधक मारू नका, पाने करपतात. विषाणूवर औषध नाही. ते झाड काढावे लागते (प्रश्न २१).

७. पानांवर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके आहेत आणि खाली बारीक जाळी आहे. कीटकनाशक मारल्यावर हे वाढलेच, असे कसे?

हा लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो कीटक नाही, आणि म्हणून अनेक कीटकनाशकांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. उलट त्या फवारणीने कोळ्याला खाणारे भक्षक जीव मरतात आणि कोळी मोकळा सुटतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनंतर हे विशेष दिसते. उष्ण, कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते. उन्हाळ्यात एक पिढी आठवड्याभरात पूर्ण होते. त्यामुळे सर्वात साधा उपाय पाण्याचाच : पानांची खालची बाजू एक दिवसाआड धुऊन काढा, दहा-बारा दिवस. झाडाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. त्यानंतरही ठिपके वाढत असतील तर साबण किंवा तेल.

८. टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा कोण काढते?

नागअळी. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यामध्ये राहून ती मधला हिरवा भाग खात पुढे सरकते. रेषा जिथे रुंद होऊन संपते तिथे अळी असते. तेवढी जागा बोटांत चिमटून दाबा, काम झाले. वरवरचे फवारे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जोमदार झाडाला दहा-वीस पानांवरच्या रेषांनी काही होत नाही. लिंबावरची नागअळी वेगळी, ती फक्त कोवळ्या पालवीवर येते आणि पाने वाकडी करते. वाकडी पाने छाटायची गरज नाही, ती अन्न तयार करतच असतात.

९. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काहीतरी असते आणि पाने संपत जातात.

ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती तसे रूप घेते. मोठी झाल्यावर हिरवीगार होते, आणि डिवचले तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा, उग्र वासाचा केशरी-लालसर अवयव बाहेर काढते. तो चावत नाही आणि त्यात विष नाही. झाड पाच-सहा फुटांचे, भरलेले असेल तर चार-दोन अळ्या राहू द्या, फुलपाखरे होतील. रोप वीतभर असेल तर अळ्या हाताने उचला, कारण दोन अळ्या ते दोन दिवसांत निष्पर्ण करतात. कोवळ्या पानांवरची मोत्यासारखी एकेकटी पिवळसर अंडी पुसून टाकली तर पुढचे सगळेच टळते.

फवारायचेच असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हे जिवाणूजन्य औषध लहान अळ्यांवर चांगले चालते. ते अळीने खावे लागते, म्हणून पाने पूर्ण भिजली पाहिजेत. उन्हात ते लवकर निष्प्रभ होते. रस शोषणाऱ्या किडींवर त्याचा उपयोग नाही.

१०. कारली, दोडकी लहान असतानाच पिवळी पडून सडतात. आत अळ्या निघतात.

फळमाशी. मादी कोवळ्या फळाला टोचून सालीखाली अंडी घालते; टोचलेल्या जागी डाग किंवा डिंकाचा थेंब दिसतो. अळी एकदा आत गेली की फळ वाचवता येत नाही, त्यामुळे इथे फवारणीपेक्षा आड घालणे महत्त्वाचे. परागीभवन झाल्यावर, फळ बोटाएवढे असतानाच त्यावर कागदी किंवा जाळीची पिशवी बांधा. किडलेली फळे झाडाखाली किंवा खताच्या ढिगावर टाकू नका; अळ्या मातीत उतरून कोष करतात. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, मग टाका.

कामगंध सापळे घेताना नीट पाहा. वेलवर्गीय भाज्यांवरच्या माशीसाठी क्यू-ल्यूर लागतो, आंबा-पेरूवरच्या माशीसाठी मिथाइल युजेनॉल. चुकीचा सापळा महिनोन्महिने रिकामा राहतो. हे सापळे फक्त नरांना ओढतात, म्हणून पिशवी बांधणे चुकत नाही.

११. घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळ्या माश्या उडतात. झाड मरेल का?

मोठे झाड नाही. नुकते रुजलेले रोप किंवा कलम मात्र मरू शकते, कारण मातीतल्या अळ्या कोवळी मुळेही खातात. कारण एकच : माती सतत ओली आहे. वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर पूर्ण वाळल्याशिवाय पाणी देऊ नका. उडणाऱ्या माश्यांसाठी मातीलगत पिवळा चिकट सापळा आडवा ठेवा. पाणी घालताना मातीवर उड्या मारणारे पांढरे सूक्ष्म जीव दिसले तर ते वेगळे, कुजलेले खाणारे आणि निरुपद्रवी.

१२. झाडावर मुंग्यांची रांग आहे. मुंग्या झाड खातात का?

आपल्या बागेतल्या मुंग्या सहसा पाने खायला येत नाहीत. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड रस शोषून गोड चिकट द्रव टाकतात, त्यासाठी त्या येतात, आणि त्याच्या बदल्यात मित्रकीटकांना, म्हणजे कीड खाणाऱ्या किड्यांना, हुसकावतात. म्हणून रांग जिथे जाते तिथपर्यंत नजर न्या. कीड तिथे सापडेल. पानांवरची काळी काजळीही त्याच गोड थरावर वाढणारी बुरशी असते. ती पान पोखरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि मूळ कीड गेल्यावर पुन्हा येत नाही. मुंग्या रोखायला खोडाभोवती कापडाची किंवा कागदाची पट्टी गुंडाळून त्यावर चिकट लेप द्या. लेप थेट सालीवर लावू नका.

अपवादही आहे. जास्वंद, चवळी, कृष्णकमळ यांच्या पाना-देठांवर मधुग्रंथी असतात आणि कीड नसतानाही मुंग्या तिथे येतात. कीड सापडलीच नाही तर त्यांना येऊ द्या.

१३. कडुनिंबाचे तेल नेमके किती आणि कसे वापरायचे? माझ्याकडे काहीच फरक पडला नाही.

एक लिटर कोमट पाण्यात आधी १ ते २ मिली सौम्य द्रव साबण मिसळा, मग ५ मिली शुद्ध तेल हळूहळू घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवा. साबण नसेल तर तेल वर तरंगते, पहिल्या झाडाला नुसते पाणी मिळते आणि शेवटच्या झाडाची पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी वापरा. फवारताना बाटली मधूनमधून हलवा. वेळ संध्याकाळची, कारण ऊन या तेलातला मुख्य घटक लवकर मोडते आणि तेल लागलेले पान भर उन्हात भाजते. हवा फार तापलेली असेल, झाड तहानलेले असेल, तर त्या दिवशी थांबा.

फरक न दिसण्याचे सर्वात मोठे कारण अपेक्षा हे असते. तेलाने दमकोंडी होऊन काही मऊ किडी लगेच मरतात, पण कडुनिंबाचे खरे काम संथ आहे. त्यातल्या ॲझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणे सोडते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते. १९५९ मध्ये सुदानात टोळधाडीने सगळी हिरवळ फस्त केली आणि कडुनिंबाची झाडे मात्र शिल्लक राहिली, हे हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने टिपले, आणि त्यातून या झाडाच्या आधुनिक अभ्यासाला मोठी चालना मिळाली. ॲझाडिरॅक्टिन वेगळे काढले गेले १९६८ मध्ये. तेव्हा फवारल्यावर दुसऱ्या दिवशी मेलेले किडे मोजू नका. आठवड्याने नवी पालवी कशी आहे ते पाहा, आणि दर सात दिवसांनी तीन फवारण्या पूर्ण करा.

तयार औषधाच्या बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असे आकडे असतात. ते ॲझाडिरॅक्टिनचे प्रमाण आहे. प्रत्येकाची मात्रा वेगळी, म्हणून ५ मिलीचा हिशेब तिथे लावू नका, वेष्टनावरचा पाळा. निंबोळ्या मिळत असतील तर ५ टक्के अर्क उत्तम : ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्याने पिळून गाळा, एकूण एक लिटर पाणी करा, थोडा साबण घाला आणि त्याच दिवशी फवारा.

१४. साबणाचे पाणी चालते का? कपड्यांची पावडर चालेल?

साबण चालतो, कपड्यांची पावडर नको. डिटर्जंट पानावरचा संरक्षक मेणाचा थर काढून टाकतो आणि त्यातले क्षार मातीत साचतात. सौम्य द्रव साबण, शक्यतो बागेसाठी मिळणारा पोटॅशियमचा साबण, लिटरला ५ ते १० मिली घ्या. द्रावण किडीच्या अंगावर ओले पडले तरच ती मरते. वाळल्यावर त्याचा काहीही परिणाम उरत नाही. पाणी जड असेल तर फेस येत नाही आणि असरही कमी होतो, पावसाचे साठवलेले पाणी वापरा. नेचे आणि पानांवर राखाडी लव असलेली गुबगुबीत झाडे साबणाने डागाळतात. कोणत्याही झाडावर आधी चार पानांना लावून दोन दिवस थांबा.

१५. लसूण-मिरचीचा अर्क, तंबाखूचे पाणी, असे घरगुती उपाय सुरक्षितच असतात ना?

घरगुती म्हणजे सुरक्षित, असे नाही. तंबाखूच्या पाण्यातले निकोटीन माणसाला विषारी आहे, ते त्वचेतूनही शरीरात जाते, आणि खाण्याच्या भाजीवर ते मारूच नये. शिवाय तंबाखूतून मोझॅक विषाणू त्याच कुळातल्या टोमॅटो, मिरची, वांग्यावर जाऊ शकतो. लसूण-मिरचीचा अर्क काही किडींना थोडा वेळ दूर ठेवतो, वसलेली कीड मारत नाही. फवारताना डोळे सांभाळा. खायच्या सोड्याचा किडीवर उपयोग नाही.

१६. फवारल्यावर आठ दिवस बरे असते, मग कीड परत येते. कुठे चुकते?

बहुधा तीनपैकी एका जागी. अंडी आणि कोष फवाऱ्याने मरत नाहीत, म्हणून ५ ते ७ दिवसांच्या अंतराने पुन्हा फवारावे लागते. द्रावण वरून शिंपडले जाते आणि खालची बाजू कोरडी राहते. किंवा शेजारच्या झाडावर, तणावर, मुंग्यांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला वस्ती शाबूत असते. एकच रासायनिक औषध वारंवार मारत असाल तर चौथे कारण : त्या औषधाला न जुमानणारी कीड तेवढी जगते आणि वाढते. नाव बदलून उपयोग नाही, गट (औषध किडीवर ज्या पद्धतीने काम करते तो) बदलावा लागतो. अनेक वेष्टनांवर गटाचा क्रमांक छापलेला असतो.

नव्या रोपातूनही कीड येते. आणलेले रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवा.

१७. कोणते किडे मारायचे नाहीत?

ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, त्याची अळी नाही. ती काळपट, लांबट, केशरी ठिपक्यांची, चपळ असते आणि मावा भराभर खाते. लोक तिलाच नवी कीड समजून मारतात. केसाएवढ्या दांडीच्या टोकावर बसवलेली पांढरी अंडी दिसली तर ती हिरव्या जाळीदार पंखांच्या क्रायसोपाची. माव्याच्या गर्दीत फुगलेले, तपकिरी, न हलणारे मावे असतील तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढते आहे. असे मावे दिसू लागले की फवारणी थांबवा. अळीच्या पाठीवर पांढरे लांबट कोष चिकटलेले असतील तर ती अळी तिथेच राहू द्या.

सगळ्यात मोठी फसगत पिठ्या ढेकणाबाबत होते. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी स्वतःही पांढऱ्या मेणकट झालरीने मढलेली असते. ती ढेकणापेक्षा बरीच मोठी, सेंटीमीटरच्या आसपास, झालर लांब आणि चाल वेगवान. ती ढेकूणच खाते.

या जिवांवर किती अवलंबून असते याचा इतिहास आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले किडीने संपत आल्या होत्या. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वेडालिया ढालकिड्याने दोन वर्षांच्या आत ती आटोक्यात आणली. पुढे १९४० च्या दशकात तिथे डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले आणि कीड पुन्हा उसळली. तुमच्या पाच कुंड्यांतही हेच घडते, फक्त लहान प्रमाणावर. थोडा मावा राहू द्या, म्हणजे त्याला खाणारे टिकतील. कोथिंबीर, बडीशेप, झेंडू यांना फुलू द्या. मित्रकीटकांच्या प्रौढांना मध आणि पराग लागतो.

१८. रासायनिक कीटकनाशक कधीच वापरू नये का?

झाड मोलाचे आहे, कीड नक्की ओळखली आहे आणि बाकीचे उपाय पूर्ण करून झाले आहेत, तेव्हा विचार करा. वेष्टनावर त्या झाडाचे आणि त्या किडीचे नाव असेल तेच घ्या. मात्रा वाढवू नका, दोन औषधे मनाने मिसळू नका, आणि फवारणी ते काढणी यातले लिहिलेले दिवस पाळा. हातमोजे आणि मास्क घाला. औषध पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका.

आंतरप्रवाही औषधे झाडाच्या रसात, आणि तिथून मध-परागातही उतरतात. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्साम यांचा उघड्यावरचा वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये मधमाश्यांसाठी बंद केला. फुलांवर आलेल्या झाडाला, आणि ज्याची पाने-फळे तोडून खाता त्या घरच्या झाडाला, ही औषधे देऊ नयेत असे माझे ठाम मत आहे.

१९. हे कीड आहे का? (फोटो पाठवून सर्वाधिक विचारलेले)

नेच्याच्या पानाखाली ओळीने मांडलेले तपकिरी ठिपके : नाही, ते बीजाणूंचे पुंजके आहेत. खवले कीड इतकी शिस्तीत बसत नाही. भेंडी किंवा द्राक्षाच्या पानाखाली काचेसारखे पारदर्शक मणी : नाही, झाडाचाच स्राव, अंडी नव्हेत. सकाळी पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब : नाही, मुळांच्या दाबाने आलेले जादा पाणी, चिकट नसते. गुलाबाच्या पानांच्या कडेला गोल कापे : पाने कापणारी मधमाशी घरट्याला अस्तर लावायला तुकडे नेते. ती परागीभवन करते आणि झाडाला अपाय होत नाही. पानांवर फोडांसारख्या गाठी : होय, बहुधा सूक्ष्म कोळी किंवा कीटकांनी केलेल्या, पण गाठ झाल्यावर फवारून ती जात नाही. पाने थोडी असतील तर खुडा.

२०. कुंडीच्या मातीत आणि खतात जाड पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या. सगळ्या हुमणी का?

सगळ्या नाहीत. कुजणाऱ्या खतात राहणारी अळी बहुधा कुजलेलेच खाते आणि खत करायला मदत करते. एक अळी सपाट फरशीवर ठेवा. ती उताणी होऊन पाठीवर सरपटत गेली तर फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्याची. तिला खताच्या ढिगात परत सोडा. कुशीवर वळून पडून राहिली तर हुमणी असण्याची शक्यता मोठी. कुंडीत ती मुळे खाते, झाड पाणी असूनही दुपारी मान टाकते आणि ओढले की सहज उपटून येते. माती पसरून अळ्या हाताने वेचणे हाच कुंडीतला सर्वात खात्रीचा उपाय. न कुजलेले शेणखत वापरणे बंद करा. वाफ्यासाठी मेटारायझियम ही बुरशी ओलसर मातीत मिसळतात. तिला महिना-दोन महिने द्यावे लागतात.

२१. झाड कधी काढून टाकावे?

विषाणूची लक्षणे (प्रश्न ६) दिसलेले भाजीचे झाड लगेच. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द होऊन जाळे दिसू लागले तर तेही. खोडात पोखरलेले छिद्र, बाहेर भुसा आणि वरचा सगळा भाग वाळलेला असेल तर जिवंत लाकडापर्यंत छाटून पाहा. हिरवे लागलेच नाही तर काढा. नुसत्या माव्याने किंवा पांढऱ्या माशीने झाड काढायची वेळ क्वचितच येते. वर्षायु झाडाचा बहर उतरलेला असेल आणि कीड शेजारी पसरत असेल, तर मात्र ते धरून ठेवू नका.

उपटण्याआधी एक करा. पांढरी माशी असलेले झाड हलवले की माश्या उडून बाकीच्यांवर बसतात. म्हणून आधी साबणाचे पाणी फवारा, झाडावर मोठी पिशवी घाला, तोंड खोडापाशी आवळा, आणि मग मुळासकट काढा.